सगुणाबाईची वाट

सगुणाबाई वाळुंज लग्न होऊन जांभूळवाडीत आली तेव्हा चिंचवड स्टेशनात उतरून वाडीपर्यंत चालत यायचं, तर वाटेत एक पक्कं घर लागत नसे. जोंधळ्याची रानं, बांधावरच्या बाभळी, आणि खाली पवनेचा काठ. वाडी चढावर होती. वाडीच्या वेशीतून एक वाट निघायची, ती वाळुंजांच्या भावकीच्या रानातून सरळ नदीला जायची. गुरं त्या वाटेनं पाण्याला जायची, बाया धुणं घेऊन जायच्या, गौरी-गणपती त्याच वाटेनं बोळवायचे. ती वाट कुणाची, असं कधी कुणी विचारलं नाही. वाट ती वाट.

बासष्ट सालानंतर दोन-तीन वर्षांत सगळं पालटलं. वरच्या अंगाची रानं कारखान्यांसाठी गेली. सगुणाबाईच्या नवऱ्याला, बबनरावांना, जमिनीच्या बदल्यात कंपनीत हेल्परची नोकरी लागली. बबनराव गरीब स्वभावाचे. खाकी कपडे चढवून, भाकरीचा डबा घेऊन पहिल्या दिवशी कामावर गेले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "अगं, तितं भोंगा वाजला की जेवायचं. भूक लागली म्हणून न्हाई."

"मग लागंल की हळूहळू भोंग्यासंगं," सगुणाबाई म्हणाली आणि म्हशीखाली धारेला बसली.

नदीकडची खालची जमीन होती ती तिच्या दिरांनी आणि चुलत दिरांनी पुढं चार वर्षांत विकून टाकली. तिथं नवविहार सोसायटी उभी राहिली. कंपन्यांमधले कारकून, ड्राफ्ट्समन, शाळामास्तर असे नोकरदार लोक पुण्याच्या पेठांमधून तिथं राहायला आले. बैठी कौलारू घरं, पुढं हातभर बाग, तुळशीवृंदावन, सायकली. दिरांनी सगुणाबाईलाही म्हटलं होतं, की तुझ्या वाटणीचं विहिरीचं वावर आहे तेही देऊन टाक. ती म्हणाली, "ती हीर आमी दोघांनी खांदली. मुरुमाच्या पाट्या ह्या डोक्यावरनं वाहिल्या. हीर द्यायची न्हाई."

असं ते विहिरीचं तुकडाभर वावर, वाडीतलं घर आणि तीन म्हशी एवढं राहिलं. एकुलती लेक तळवड्याला दिलेली. बबनराव शिफ्टला जायचे आणि सगुणाबाई दूध घालायची.

दूध कुणाला, तर सोसायटीला. सकाळी कासांडी डोक्यावर घेऊन ती त्याच वाटेनं खाली उतरायची आणि दारोदार रतीब घालायची. दूध घालून झालं की परत येऊन म्हशी सोडायची आणि पुन्हा त्याच वाटेनं, सोसायटीच्या घरांच्या दोन ओळींमधून, नदीवर न्यायची, कारण विहिरीवर पाणी मिळालं तरी म्हशींना रोज डुंबायला लागतं. सुरुवातीला सोसायटीतल्या मुलांना मजा वाटायची. मग हळूहळू कुरबुरी सुरू झाल्या. म्हशीनं कुणाची शेवंती खाल्ली. कुणाच्या वाळत घातलेल्या लुगड्याला शिंग लागलं. आणि मग सत्तर सालच्या थंडीत सेक्रेटरी सदाशिवराव आगाशे यांची आई सकाळी देवाला फुलं आणायला निघाली ती वाटेतल्या शेणावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

सगुणाबाईला कळलं तशी ती म्हातारीला बघायला गेली. सदाशिवराव दारातच उभे होते. वाईट बोलले नाहीत. "आई झोपलीय," एवढंच म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

महिन्याभरात भिंत उठली. वाडी आणि सोसायटी यांच्या मधे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगडाची, सिमेंटात बांधलेली, पुरुषाच्या डोक्याएवढी उंच. वाट जिथं सोसायटीत शिरायची तिथं गवंडी दगड लावत होते तेव्हा सगुणाबाई म्हशी घेऊन येऊन उभी राहिली. सदाशिवरावांनी त्या दिवशी मुद्दाम रजा घेतली होती.

"सगुणाबाई," ते म्हणाले, "आमचा तुमच्यावर राग नाही. पण लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. काहीतरी शिस्त हवी की नको?"

"शिस्त असू द्या की. पर ही वाट हाय."

"वाट तुमच्या दिरांच्या जमिनीतून होती. जमीन त्यांनी सोसायटीला विकली."

"जमीन इकली," सगुणाबाई म्हणाली. "वाट कुणी इकली?"

गवंड्यानं थापी थांबवून सदाशिवरावांकडे पाहिलं. त्यांनी मानेनं चालू द्या म्हणून खुणावलं. सगुणाबाई दगड लागताना बघत राहिली. शेवटचा दगड बसल्यावर तिनं म्हशी वळवल्या.

बबनरावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे गं. आपल्याला काय, फिरून जायचं. कंपनीच्या रस्त्यानं नदी लागतीच की."

लागत होती. पण वाडीला वळसा घालून, कारखान्यांच्या फाटकांवरून, ट्रक आणि शिफ्टच्या बसगाड्या धावतात त्या रस्त्यानं. जिथं हाकेच्या अंतरावर पाणी होतं तिथं आता अर्धी सकाळ मोडायची. भावकीतला तिचा चुलत दीर अर्जुनराव म्हणाला, "वहिनी, कोरटात जा. वहिवाट हाय आपली." सगुणाबाई म्हणाली, "कोरट निकाल देईस्तवर म्हशी डुंबल्याबिगर ठिवू का?" जाऊबाई म्हणाली, "त्यांचं दूध तोड. बस म्हणावं चहाला काळं पीत." त्यावर ती म्हणाली, "भिंत बाप्यांनी बांधली. दूध लेकरं पित्यात."

तिनं दोन गोष्टी केल्या. रतीब चालू ठेवला. कासांडी घेऊन ती आता फिरून, पुढच्या फाटकानं सोसायटीत जायची, दूध घालायची आणि कुणाशी न बोलता फिरून परत यायची. आणि दुसरी गोष्ट अशी, की रोज म्हशी सोडल्या की ती त्यांना आधी जुन्या वाटेनंच न्यायची. भिंतीपर्यंत जायची, भिंतीला हात लावायची, मग म्हशी मागं वळवून रस्त्याला लागायची. लोक हसायला लागले. वाडीतली पोरं म्हणायची, म्हातारी भिंतीला नमस्कार करती. ती काही म्हातारी नव्हती, चाळिशीतली होती. एकदा बबनरावांनीच विचारलं, की कशापायी हा उपद्व्याप?

"अवं, ज्या वाटंवर पाय पडत न्हाई तिच्यावर गवत माजतं," ती म्हणाली. "दोन पावसाळं गेलं की माणसं म्हणत्यात, हितं वाट न्हवतीच. माझ्या जित्तेपणी तसं म्हणायचं न्हाई कुणी."

बबनरावांनी मान हलवली. बायकोचा हट्ट त्यांना ठाऊक होता. विहीर खणताना खाली कातळ लागला तेव्हा सगळे म्हणाले होते सोडून द्या, आणि हीच एकटी म्हणाली होती, अजून एक पुरुषभर खोल जाऊ.

बहात्तर सालच्या भाद्रपदात ते घडलं. पाऊस नव्हताच त्या वर्षी धड. एक सर येऊन गेली होती आणि रस्ता निसरडा झाला होता. सकाळची शिफ्ट भरायची वेळ, बसगाड्यांची रांग. सगुणाबाई म्हशी कडेनं नेत होती. मागून कर्कश हॉर्न वाजला, चंद्री म्हैस बुजली आणि रस्त्याच्या मधे गेली. समोरून लोखंड भरलेला ट्रक येत होता. चंद्री गाभण होती. ट्रक थांबला नाही.

शिफ्टला निघालेल्या कामगारांनी सायकली टाकून तिला कडेला ओढली. सगुणाबाई तिच्या तोंडाशी बसली आणि तिनं तिचं डोकं मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, पण म्हशीचं डोकं केवढं! ते घसरून जायचं आणि ती पुन्हा उचलायची. जीव जायला वेळ लागला. बाकीच्या दोन म्हशी तिथंच रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. कुणी एक अनोळखी कामगार त्यांची दावी धरून, आपली शिफ्ट बुडवून उभा होता. सगुणाबाई उठली, तिनं त्याच्या हातातून दावी घेतली आणि म्हणाली, "दादा, जा तू. भोंगा झाला." मग त्या दोघींना घेऊन ती नदीवर गेली, कारण त्यांना पाण्यात घालायचं राहिलं होतं.

दूध कमी झालं तशी चार घरांचा रतीब बंद करावा लागला. त्यातलं एक घर आगाशांचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सदाशिवरावांच्या पत्नी मृदुलाबाई फिरून, रस्त्यानं, चालत वाडीत आल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या. सगुणाबाईच्या ओट्यावर बसून त्यांनी पदरानं घाम पुसला.

"दुधासाठी नाही आले मी," त्या म्हणाल्या. "वाईट झालं. आमच्या सासूबाईंनाही फार लागलं मनाला. त्या पहिल्यापासून म्हणतात, म्हशीचा काय दोष, मीच चष्मा न घालता निघाले होते."

"चालाया लागल्या का?"

"काठी घेऊन. घरातल्या घरात."

सगुणाबाईनं चहा टाकला. मृदुलाबाई म्हणाल्या, "मी ह्यांना सांगितलं, वाट मोकळी करा म्हणून. ते म्हणतात मीटिंगमध्ये ठराव झालाय. आणि मीटिंगला मी कशी जाणार? घरं सगळी पुरुषांच्या नावावर, मतंही त्यांचीच."

"मग बाई, तुमी हितं येऊन सांगताय ते मी काय करू त्याचं?" सगुणाबाईनं कप त्यांच्या पुढं ठेवला. आवाजात राग नव्हता. पण मृदुलाबाईंना तो चहा काही गोड लागला नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. तो उन्हाळा ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. पवनेत डबकी राहिली, तीही हिरवी. सोसायटीची स्वतःची विहीर चैतातच खडखडीत झाली. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. आला तर फाटकाशी बादल्यांची अशी झुंबड उडायची, की एरवी एकमेकींना अहो-जाहो करणाऱ्या बायका एकमेकींच्या कळशा लाथाडायच्या.

सगुणाबाईच्या विहिरीला मात्र पाणी होतं. कातळातला झरा होता तो. वाडी सगळी तिच्यावर जगली. रहाटाचा आवाज दिवसभर चालायचा, आणि तो आवाज भिंतीपलीकडे सोसायटीत स्पष्ट ऐकू जायचा.

एका दुपारी भिंतीवरून डोकी दिसली. पाच-सहा जणी स्टुलं, पाट मांडून चढल्या होत्या. पुढं मृदुलाबाई होत्या. "सगुणाबाई! अहो सगुणाबाई! पाणी द्याल का थोडं? आम्ही बादल्या इकडून सोडतो, तुम्ही भरून वर द्या."

जाऊबाई विहिरीवरच होती. ती पदर खोचून म्हणाली, "थेंब द्यायचा न्हाई! आता कळली का आमची वाट?"

"गप," सगुणाबाई तिला म्हणाली. मग ती भिंतीजवळ गेली. उन्हानं डोळ्यांवर आडवा हात धरला. "पाण्याला न्हाई म्हणायचं नसतं. न्या किती न्यायचं ते. पर भिंतीवरनं मी देणार न्हाई. वाटंनं या, न्हाईतर फिरून या."

"अहो, फिरून? भरलेला हंडा घेऊन? त्या रस्त्यानं किती लांब पडतं माहीत आहे ना?"

"मला ठावं हाय किती लांब पडतं ते."

डोकी एकेक करून खाली गेली. जाऊबाई खूश झाली. सगुणाबाई झाली नाही. ती ओट्यावर येऊन बसली आणि तिला काही सुधरेना. तिनं बरोबर तेच केलं होतं जे तिला करायचं होतं, तरी भाकरी गोड लागली नाही. बबनराव म्हणाले, "दिलं असतंस भिंतीवरनं, तर काय बिघडलं असतं?"

"एक डाव भिंतीवरनं दिलं की भिंत कायमची झाली," ती म्हणाली. "मग त्या भिंतीवर रहाट बसवतील. चंद्री गेली ती फुकट गेली म्हणायचं."

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीतल्या बायका फिरून यायला लागल्या. तापलेला रस्ता, अंगावर येणारे ट्रक, डोक्यावर भरलेला हंडा. त्यांना सवय नव्हती. अर्धं पाणी रस्त्यावरच सांडायचं. सगुणाबाई विहिरीवर उभी राहून प्रत्येकीला आधी भरून द्यायची, वाडीतल्या बायकांना थांबवून.

चार-सहा दिवसांनी अरुंधती नावाची एक मुलगी आली. सोसायटीत नुकतीच लग्न होऊन आलेली, ड्राफ्ट्समनची बायको. पोटुशी होती, सहावा लागला असेल. हंडा विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि तिथंच मटकन खाली बसली. तोंड लालबुंद झालेलं. सगुणाबाईनं तिच्या डोळ्यांना पाणी लावलं, गुळाचा खडा दिला. मुलगी जरा सावरली आणि हंड्याकडे हात करून म्हणाली, "द्या डोक्यावर. जाते मी."

सगुणाबाईनं भिंतीकडे पाहिलं. भिंत वीस पावलांवर होती. पलीकडेच त्या मुलीचं घर, तिच्या कौलांवरचं वाळवण इथून दिसत होतं. क्षणभर तिला वाटलं, झालं तेवढं पुरे. हंडा उचलावा आणि द्यावा पलीकडे.

तिनं हंडा उचलला. पण भिंतीकडे गेली नाही. चुंबळ डोक्यावर ठेवली, त्यावर हंडा घेतला आणि मुलीला म्हणाली, "चल माझ्यासंगं. हळू चाल. सावलीनं चाल."

दोघी रस्त्याला लागल्या. चंद्री पडली होती ती जागा आली तशी सगुणाबाईनं मुलीचा हात धरून तिला आतल्या बाजूला घेतलं. फाटकांवरून, गाड्यांच्या धुळीतून, सगळा वळसा घालून ती सोसायटीच्या पुढच्या दारानं आत शिरली. दुपारची वेळ, बायका ओसऱ्यांत बसलेल्या. त्यांनी पाहिलं, सगुणाबाई वाळुंज आपल्याच विहिरीचं पाणी आपल्याच डोक्यावर घेऊन एवढ्या लांबून येतेय, आणि मागून अरुंधती रिकाम्या हातांनी चालतेय. सगुणाबाईनं हंडा अरुंधतीच्या दारात उतरवला, चुंबळ झटकली आणि आली तशी फिरून परत गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही.

मृदुलाबाईंनी त्या रात्री जेवताना विषय काढला. सदाशिवराव म्हणाले, "येत्या मीटिंगला मांडतो. एक समिती नेमावी लागेल. उंची कमी करायची की दार ठेवायचं, सगळ्या बाजूंनी विचार हवा."

"मीटिंग कधी?"

"पावसाळ्याच्या तोंडावर."

मृदुलाबाईंनी भात वाढला आणि विषय मिटवला.

सकाळी पुरुष मंडळी कंपनीच्या बसमध्ये बसून गेली. थोड्या वेळानं सगुणाबाईला भिंतीपलीकडून हाक आली. या वेळी स्टुलावर फक्त मृदुलाबाई होत्या. पदर कमरेला खोचलेला. "सगुणाबाई, पहार आहे का तुमच्याकडे?"

सगुणाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पहार?"

"हो, पहार. आमच्याकडे नुसते बत्ते निघाले. बत्त्यानं सिमेंट फुटेना."

सगुणाबाई घरात गेली. विहिरीच्या कामातली जुनी पहार आढ्याला लावलेली होती. ती तिनं आणली आणि भिंतीवरून पलीकडे दिली. "जपून," ती म्हणाली. "जड हाय. पायावर घ्याल."

"या ना, तुम्हीही हात लावा!"

"न्हाई. तुमी बांधली, तुमीच काढा. मी हितं उभी हाय."

पहार पडायला लागली. पलीकडे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. कुणीतरी मोजून घाव घालत होती, कुणीतरी हसत होती, कुणाचा तरी हात सोलवटला होता. वाडीतल्या बाया गोळा झाल्या. जाऊबाई म्हणाली, "अगं बया, ह्या बामणाच्या बायका भिंत पाडाया लागल्या!" मधे एकदा घाव थांबले आणि एक थकलेला, म्हातारा आवाज आला, "त्या खालच्या दगडाच्या सांध्यात घाला गं. वर काय बडवताय?" त्या मृदुलाबाईंच्या सासूबाई होत्या. खुर्ची टाकून बसल्या होत्या.

पहिला दगड वाडीच्या बाजूला पडला. त्या भोकातून मृदुलाबाईंचा धुळीनं माखलेला चेहरा दिसला. मग दुसरा पडला, तिसरा पडला. अरुंधती दगडाला हात घालायला निघाली, तर सगुणाबाई तिच्यावर ओरडली, "तू थांब तितं! दगड हलवाया लागलीस तर बघ!" एवढं सगळं होईपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या ओरडण्याबरोबर ते का आलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

संध्याकाळी सदाशिवराव बसमधून उतरून घरी आले आणि चहाही न घेता भिंतीपाशी गेले. खिंडाराच्या वाडीकडच्या अंगाला सगुणाबाई उभी होती, सोसायटीच्या अंगाला सगळ्या बायका. सदाशिवरावांनी पडलेले दगड पाहिले. "हे नियमाला धरून नाही," ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात पसरून खिंडार मोजल्यासारखं केलं आणि बायकोला म्हणाले, "म्हैस जायची नाही यातून. अडकेल." सदरा काढून त्यांनी कडेचा एक दगड हलवायला घेतला.

पुढं दाराचा वाद झाला. सोसायटीचं म्हणणं, इथं लोखंडी दार बसवू, कुलूप ठेवू, किल्ली एक वाडीला देऊ. सगुणाबाई म्हणाली, "वाटंला कुलूप नसतं." सदाशिवराव म्हणाले, "आणि शेणाचं काय? माझी आई पडली होती, सगुणाबाई. ते खोटं नाही."

"न्हाई, ते खोटं न्हाई," ती म्हणाली. हे तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. "ते माझ्याकडं लागलं. म्हशी जातील, मागनं मी घमेलं घेऊन येईन. शेणाचा पो वाटंवर दिसला तर त्या दिवसापास्नं मी फिरून जाईन."

दार बसलं नाही. आणि पुढं इतकी वर्षं म्हशी गेल्या, पण मागून घमेलं न घेता सगुणाबाई गेली असं झालं नाही. ताप असला तर बबनराव घमेलं घेऊन जायचे, शिफ्टवरून आलेले, खाकी कपड्यांतच. त्या वर्षी उन्हाळाभर सोसायटी तिच्या विहिरीचं पाणी प्यायली. श्रावणात अरुंधतीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारशाला सगुणाबाई वाटेनं गेली, नवं लुगडं नेसून, आणि पाळण्याशी तिला सगळ्यांत पुढं बसवलं.

मग वस्ती वाढतच गेली. नवविहारच्या बाजूला आणखी दोन सोसायट्या झाल्या. नगरपालिकेचे नळ आले. वाटेवर आधी मुरूम पडला, मग डांबर. वाडीची पोरं त्या वाटेनं मृदुलाबाईंच्या शाळेत जायला लागली आणि सोसायटीची पोरं त्याच वाटेनं वाडीच्या तालमीत. मृदुलाबाईंनी प्रौढांचा वर्ग काढला तेव्हा सगुणाबाईला बोलावून बोलावून थकल्या. ती म्हणायची, "बाई, सही शिकले की लोक सह्या मागत्यात. अंगठा बरा." पण वर्गातल्या बायांसाठी चहाचं दूध ती रोज पाठवायची.

ब्याऐंशी साली बबनराव रिटायर झाले. कंपनीत इतकी वर्षं काढली, पण मातीची ओढ गेली नव्हती. चाकणच्या बाजूला त्यांच्या बहिणीच्या गावात जमीन विकायला निघाली होती. विहिरीचं वावर आता चांगल्या भावानं जात होतं. ते देऊन तिकडं जमीन घ्यायची, परत बैल बांधायचे, असा त्यांचा बेत. त्यांनी सगुणाबाईला एसटीनं जमीन दाखवायला नेलं.

जमीन खरंच चांगली होती. काळीभोर, बांधावर आंबे. बबनरावांनी ढेकूळ उचलून हातात फोडलं आणि लहान पोरासारखे तिच्याकडे बघायला लागले. सगुणाबाई सगळीकडे फिरली. विहिरीत डोकावली. बांधावर बसून नणंदेनं दिलेली भाकरी खाल्ली. लांबवर पसरलेलं रान, वारा; आंब्यावर एक होला घुमत होता. तिला आठवलं, आपणही अशाच रानात लग्न होऊन आलो होतो. पण तिला तिथं परत जावंसं वाटलं नाही, आणि याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

परत येताना एसटीत ती म्हणाली, "तुमाला यायचं तर या. मी येणार न्हाई."

बबनराव दुखावले. "अगं, तूच ना ती, जमीन इकू देत नव्हतीस? आता जमीन मिळतीया तर नको म्हणतीस?"

"जमीन चांगली हाय. पर तितं मला वळखतं कोण? हितं मी दूध घालाया निघाले की घराघरातनं हाक येती. अरुंधतीची पोर शाळंत जाताना घमेल्याकडं बघून नाक दाबती आन् मग माझ्याच अंगाला बिलगती. आगाश्यांची म्हातारी गेली तवा तिच्या तोंडात पाणी मी घातलंय. हे सगळं जमवाया मला बारा-चौदा वर्सं लागली. आता परत पहिल्यापास्नं कुठं सुरू करू?"

"म्हंजी तू आता शेरातली झालीस म्हण की."

"शेरातली न्हाई आन् खेड्यातली बी न्हाई. मी हितली हाय."

बबनराव खिडकीबाहेर बघत राहिले. भोसरी गेली, कारखान्यांची धुराडी दिसायला लागली, शिफ्ट सुटलेल्या सायकलींची गर्दी रस्त्यावर आली. त्यांनी बहिणीकडे निरोप धाडला नाही, होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चार दिवस घरात घुम्यासारखे बसून होते. सगुणाबाई धारा काढायची, दूध घालायची, म्हशी न्यायची.

पाचव्या दिवशी पहाटे ती धार काढून उठली तर बबनराव गोठ्याच्या दारात उभे होते. अंगात सदरा, डोक्याला टोपी, पायात वहाणा.

"आण ती कासांडी इकडं," ते म्हणाले. "कंपनी सुटली, म्हंजी हात रिकामे ठेवायचे असं थोडंच हाय. कुठल्या घरी किती घालायचं ते तेवढं सांग."

सगुणाबाई सांगायला लागली. आगाश्यांकडं किती, अरुंधतीकडं किती, कोपऱ्यावरच्या मास्तरांकडं दूध घालायच्या आधी हाक मारायची कारण त्यांना कमी ऐकू येतं, तिसऱ्या घरी कुत्रं आहे पण ते चावत नाही. बबनराव ऐकत होते, मधेच विसरत होते आणि पुन्हा विचारत होते. मग ते निघाले आणि ती म्हशी सोडायला गोठ्यात वळली.